परमुलखात मुखीचा पत्ता

मुंबईत डोंगरीपासून माझगावपर्यंतच्या वस्तीत ‘जमातखाना’ ही पाटी पुन्हा पुन्हा दिसते. मेमणांचा जमातखाना असतो, बोहऱ्यांचा असतो. तिथे लग्ने लागतात, जेवणावळी होतात, जमातीच्या बैठका भरतात. नमाजासाठी मशीद वेगळी असते. त्यामुळे जमातखाना म्हणजे मुसलमानांचे मंगल कार्यालय, एवढीच समजूत आपल्याकडे रूढ झाली. आगाखानांना इमाम मानणाऱ्या इस्माइली खोजांच्या तोंडी मात्र हा शब्द फार मोठा अर्थ घेऊन येतो. त्यांची रोजची प्रार्थना, म्हणजे दुआ, जमातखान्यात होते. उत्पन्नातला दशांश तिथेच जमा होतो. निकाह तिथे लागतो, मयताच्या विधींची सोय तिथून होते, आणि भावाभावांचा तंटा कोर्टात जाण्याआधी तिथल्या मुखीच्या, म्हणजे प्रमुखाच्या, कानावर जातो. झांझिबार, नैरोबी, लिस्बन, लंडन, व्हँकुव्हर, टोरांटो, जिथे या समाजाची माणसे पोचली तिथे हे घर पोचले. परक्या शहरात उतरलेला इस्माइली सामान खोलीवर टाकून पहिली चौकशी जमातखान्याची करतो, आणि बहुधा त्याला तो सापडतो. हे कसे जमले, याचे उत्तर सहसा दोन शब्दांत दिले जाते: पैसा आणि गावाची ओढ. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. गावाची ओढ कोणाला नसते? पैसा तर कच्छ-काठियावाडच्या अनेक व्यापारी जातींकडे होता. माझे म्हणणे असे की जमातखाना ही मुळातच प्रवासाला निघालेल्या माणसांची संस्था आहे. तिचा प्राण मुखी, हिशेब सांभाळणारा कामडिया आणि इमामाशी बांधलेली निष्ठा या तिघांत आहे. भिंती नंतर येतात. आणि परमुलखात एकसंध टिकण्याचे बळ तिला मिळाले ते मुंबईत, एकोणिसाव्या शतकातल्या एका लांबलेल्या आणि कडवट वादातून.

खोजांची परंपरा आपला उगम पीर सद्रुद्दीन यांच्याशी जोडते. इराणातल्या इमामाच्या वतीने चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमारास ते सिंध, कच्छ, गुजरातेत फिरले, लोहाणा आणि इतर जातींतल्या माणसांना त्यांनी दीक्षा दिली आणि ‘ख्वाजा’ ही मानाची उपाधी दिली. तिचेच पुढे ‘खोजा’ झाले. पहिला जमातखाना सिंधमधल्या कोटडी गावी त्यांनीच उभारला, असेही परंपरा सांगते. परंपरेच्या सगळ्या तपशिलांना कागदपत्रांचा आधार मिळत नाही, पण या संस्थेतले शब्द स्वतःच चांगली साक्ष देतात. ‘जमातखाना’ हा शब्द चिश्ती सूफींच्या वर्तुळात आधीपासून होता. शिष्यांनी एकत्र राहावे, बसावे, प्रार्थना करावी अशा जागेला ते जमातखाना म्हणत. त्याच चिश्तींची एक शाखा आपल्या खुलताबादेत येऊन स्थिरावली. पण खोजांच्या जमातखान्यात पुढे बसणारा माणूस ‘मुखी’. हा शब्द ‘मुख्य’ या संस्कृत शब्दाचा, सिंध-गुजरातेतल्या जातपंचायतीतून आलेला. दशांशाला म्हणायचे ‘दसोंद’. गायची पदे ती ‘गिनान’, म्हणजे ज्ञान. ती लिहायची लिपीही स्वतःची, खोजकी. एका घरात सूफी खानका आणि बनियांची पंचायत अशा दोन वस्तू एकत्र नांदत होत्या. इमाम दूर इराणात, महिनोन्‌महिन्यांच्या वाटेवर. अनुयायी इथल्या बाजारपेठेत, इतर जातींच्या शेजाराला, आणि आपला पंथ उघड न बोलण्याची जुनी सवय अंगी मुरलेली. अशा समाजाला मिनाराची मशीद परवडणारी नव्हती. त्याला हवा होता गल्लीतला एक वाडा, दसोंद गोळा करून हिशेब ठेवणारा कामडिया, आणि ती रक्कम इमामापर्यंत पोचवण्याची जबाबदारी घेणारा मुखी. देऊळ दुसऱ्या गावी न्यायचे तर मूर्ती हवी, प्राणप्रतिष्ठा हवी, पिढीजात पुजारी हवा. जमातखान्याला यातले काही लागत नाही. एक स्वच्छ खोली, जमिनीवर अंथरलेली सतरंजी आणि नेमलेली दोन माणसे असली की तो उभा राहतो.

म्हणूनच तो गलबतात बसू शकला. कच्छमधल्या मांडवी, मुंद्रा या बंदरांतून ईशान्येचा वारा धरून गलबते हिवाळ्यात आफ्रिकेकडे निघत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परत येत. ओमानच्या सय्यद सईदने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपले ठाणे मस्कतहून झांझिबारला हलवले, तेव्हा लवंग आणि हस्तिदंताच्या व्यापाराने ते बेट फुलून आले. पण लक्षात घ्यावे की त्या भरभराटीच्या काळात झांझिबारच्या जकातीचा मक्ता खोजांकडे नव्हता. तो होता कच्छी भाटियांकडे. जयराम शिवजी यांच्या पेढीपुढे खोजा व्यापारी तेव्हा लहानच होते. केवळ पैशाने परदेशात समाज रुजत असता, तर झांझिबारमध्ये सर्वांत खोल मुळे भाटियांची गेली असती. तसे झाले नाही. समुद्रपर्यटनाच्या आणि खाण्यापिण्याच्या निर्बंधांमुळे हिंदू व्यापारी दीर्घकाळ बायकामुले कच्छमध्येच ठेवत. माणूस काही वर्षे पेढीवर काढून परत जाई. खोजांना हे बंधन नव्हते. त्यांची कुटुंबे सोबत आली, आणि कुटुंब आले की लग्न, बाळंतपण, मयत, वारसा, भांडण हे सगळे आले. या सगळ्याला उत्तर देणारी एकच जागा त्यांच्याजवळ तयार होती. कच्छच्या केरा गावी १८५१ मध्ये जन्मलेले अल्लीदिना विश्राम पोरवयात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आले, आणि पुढे काफिल्यांच्या वाटांवर आणि मग युगांडा रेल्वेच्या कडेने त्यांनी दुकानांची माळ लावली. आपल्या ‘दुकान’ शब्दाचेच स्वाहिलीत ‘दुका’ झाले. अशा एका दुकाभोवती चार-सहा घरे जमली की एका घरातली खोली संध्याकाळच्या दुआसाठी मोकळी होई, एकाला मुखी नेमले जाई आणि जमात उभी राही. नैरोबीचा दगडी, घड्याळाच्या मनोऱ्याचा जमातखाना १९२२ मध्ये झाला. त्याआधीची कितीतरी वर्षे पूर्व आफ्रिकेतली जमात पत्र्याच्या छपराखाली आणि दुकानांच्या मागल्या खोल्यांत भरत होती, आणि तिला कोणी कमी दर्जाची जमात म्हटले नाही.

इथवरची गोष्ट कोणत्याही चिवट व्यापारी जातीची होऊ शकली असती. तिला वेगळे वळण लागले ते मुंबईत. १८२९ मध्ये मुंबईच्या काही खोजा घराण्यांनी, हबीब इब्राहीम यांच्या पुढाकाराने, इमामाला दसोंद देण्याचे नाकारले. जमातीने त्यांना वाळीत टाकले. ते बारा जण, म्हणून त्यांच्या पक्षाला ‘बारभाई’ नाव पडले. पेशवाईतल्या बारभाईंमुळे हे नाव मराठी कानाला ओळखीचे आहे. पुढे काही वर्षांनी समेट झाला, पण जखम भरली नाही. तशात इराणच्या दरबाराशी बिनसल्यामुळे इमाम हसन अली शाह, म्हणजे पहिले आगाखान, अफगाणिस्तान आणि सिंधमार्गे हिंदुस्थानात आले आणि १८४८ पासून मुंबई हेच त्यांचे ठाणे झाले. ज्या इमामाला पिढ्यान्‌पिढ्या दुरून दसोंद पाठवली तो आता हाकेच्या अंतरावर राहू लागला. श्रद्धावानांना ते भाग्य वाटले, पंचायतीच्या कारभाऱ्यांना आपल्या अधिकारावरचे संकट. १८५० मध्ये माहीमच्या जमातखान्यात या वादातून खून पडले. १८६१ मध्ये आगाखानांनी एक पत्रक फिरवून खोजांना आपण शिया इमामी इस्माइली आहोत यावर सह्या करायला सांगितले, आणि त्यांचा अधिकार न मानणाऱ्या सुधारक पक्षाने मुंबई उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. त्यांचे म्हणणे असे की खोजा मुळात सुन्नी आहेत, जमातीची मालमत्ता हा जमातीचा न्यास आहे, मुखी-कामडिया जमातीने निवडायचे, आणि आगाखानांचा त्यात काही संबंध नाही. न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांच्यापुढे इस्लामचा इतिहास, इमामांच्या वंशावळी, खोजांचे जन्ममरणाचे रिवाज आणि गिनान असा सगळा पसारा मांडला गेला. ‘दस अवतार’ नावाचे गिनान, ज्यात विष्णूच्या नऊ अवतारांनंतर दहावा अवतार म्हणून हजरत अली येतात, ते पुराव्यात वाचले गेले. १२ नोव्हेंबर १८६६ रोजी निकाल लागला: खोजा हे इस्माइली इमामांना मानणारे शिया आहेत, आगाखान हे त्यांचे वंशपरंपरागत इमाम आहेत, आणि जमातीच्या मालमत्तेवरचा हक्क त्या निष्ठेशी जोडलेला आहे.

या निकालाकडे पंथाच्या ओळखीचा निकाल म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यातला मालमत्तेचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रश्न साधा होता: जमातखाना कोणाचा? ज्यांच्या बापजाद्यांनी वर्गणी देऊन तो बांधला त्यांचा, की ज्याच्या नावाने तिथे प्रार्थना होते त्या इमामाला मानणाऱ्यांचा? न्यायालयाने दुसरे उत्तर दिले. हरलेल्यांच्या बाजूने विचार केला तर हे उत्तर जाचक आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. वडिलांनी ज्या छपरासाठी पैसे दिले त्याच्या बाहेर उभे राहायची पाळी मुलांवर आली. तरीही निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी. प्रत्येक गावचा जमातखाना त्या गावच्या पंचांचा झाला असता. मुंबईचा मुंबईकरांचा, झांझिबारचा झांझिबारकरांचा, मोम्बासाचा मोम्बासाकरांचा. त्या जमातखान्यात शिरायला मूळ गाव सांगावे लागले असते, नाते काढावे लागले असते, कोणाची तरी ओळख लागली असती. १८६६ नंतर हक्काचा दाखला एकच उरला, इमामाशी असलेली बैअत, म्हणजे निष्ठेचे वचन, आणि तो दाखला गावाबरोबर बदलत नाही. मांडवीचा माणूस मोम्बासाच्या जमातखान्यात पाहुणा राहिला नाही, तो तिथला जमाती झाला. कायद्याच्या दृष्टीनेही हा निकाल समुद्रापार लागू पडण्याजोगा होता, कारण झांझिबारमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या न्यायालयावरचे अपील मुंबई उच्च न्यायालयातच येत असे.

पुढचे काम लिखापढीचे होते, आणि ते तिसऱ्या आगाखानांनी केले. कराचीत १८७७ मध्ये जन्मलेले सुलतान मोहम्मद शाह वयाच्या आठव्या वर्षी इमाम झाले, १८९९ मध्ये पूर्व आफ्रिकेत गेले, आणि १९०५ मध्ये झांझिबारच्या जमातीसाठी त्यांनी नियमांचे पुस्तक आणि कौन्सिल दिले. लग्न, तलाक, वारसा, मुखी-कामडियांची नेमणूक, शिस्तभंग अशा गोष्टी तोंडी रिवाजातून छापील कलमांत आल्या. पुढे निरनिराळ्या देशांतल्या जमातींसाठी अशा लिखित घटना होत राहिल्या आणि १९८६ मध्ये सगळ्या जगातल्या इस्माइलींसाठी एकच घटना झाली. मुंबईत हाजीबीबी खटल्याच्या रूपाने आगाखानांच्या घरच्याच नातलगांनी मालमत्तेवर हक्क सांगितला. तो दावाही १९०८ मध्ये फेटाळला गेला. या सगळ्याचा परिणाम असा की जमातखान्याचा कारभार कोणा एका गावच्या स्वभावावर अवलंबून राहिला नाही. मुखी बदलत राहतो, पगार घेत नाही, आपली नोकरी किंवा धंदा सांभाळून काम करतो, आणि त्याचे अधिकार त्या माणसाला नाही तर जागेला चिकटलेले असतात. नवख्या माणसाला मुखीचे नाव माहीत असायची गरज नाही. मुखी कुठे बसतो, एवढे कळले की पुरते.

माझ्या म्हणण्याला सर्वांत पक्का पुरावा मस्कतजवळच्या मत्राह बंदरात आहे. तिथले लवातिया हे सिंध-कच्छमधून गेलेले खोजा. समुद्रकाठी तटबंदी घातलेला त्यांचा स्वतंत्र मोहल्ला, पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार, घरात बोलायची आपली वेगळी भाषा: परदेशी समाज टिकायला जे जे लागते असे आपण मानतो, ते सगळे त्यांच्याजवळ होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुंबईच्या वादाच्या लाटेत, त्यांनी आगाखानांशी नाते तोडले आणि ते इस्नाअशरी, म्हणजे बारा इमामांना मानणारे, शिया झाले. माणसे तीच, मोहल्ला तोच, पैसाही तोच. पण तिथे इस्माइली जमातखाना उरला नाही. झांझिबारमध्येही खोजांचा एक मोठा गट असाच वेगळा झाला आणि त्याने आपल्या मशिदी आणि इमामवाडे बांधले. तेही पुढे जगभर पसरले, त्यांच्या जमाती भक्कम आहेत, आणि मी त्यांना कमी लेखत नाही. पण मत्राह एवढे नक्की दाखवते की जमातखाना रक्ताच्या नात्याने किंवा मायबोलीने टिकत नाही. निष्ठेचा धागा तुटला की जुन्या, श्रीमंत, तटबंदीच्या मोहल्ल्यातूनही तो निघून जातो. तो धागा असला की भाड्याच्या खोलीतही राहतो.

भाड्याच्या खोल्यांची कसोटी १९७२ मध्ये लागली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इदी अमीन यांनी युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम केला. दुकाने, घरे, शाळा, दवाखाने आणि अर्थातच जमातखाने मागे राहिले. सुमारे अठ्ठावीस हजार माणसे ब्रिटनमध्ये गेली. कॅनडाने जवळपास सात हजारांना घेतले आणि त्यांत इस्माइली फार मोठ्या संख्येने होते. चौथे आगाखान शाह करीम यांचा पंतप्रधान पिएर ट्रूडो यांच्याशी स्नेह होता, त्यांचे काका सद्रुद्दीन हे तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक उच्चायुक्त होते, हे खरे. आणि इथेच आक्षेप येतो की वरच्या वर्तुळातल्या ओळखीने जे झाले त्याचे श्रेय जमातखान्याला कशाला? ओळखीने व्हिसा मिळतो. मॉन्ट्रियलच्या थंडीत उतरलेल्या, खिशात फारसे काही नसलेल्या कुटुंबाला त्या संध्याकाळी कुठे जायचे हे ओळख सांगत नाही. ते सांगितले मुखी-कामडियांनी. शाळांच्या व्यायामशाळा, चर्चची तळघरे, कचेऱ्यांच्या रिकाम्या मजल्यांवरच्या खोल्या संध्याकाळपुरत्या भाड्याने घेतल्या गेल्या. सतरंज्या अंथरायच्या, दुआ करायची, गिनान म्हणायचे आणि पुन्हा गुंडाळून ठेवायच्या. तिथेच कोणाला नोकरीची वाट सापडली, कोणाला घरभाड्याचा जामीन. ‘नांदी’ नावाची जुनी रीत आहे: घरून शिजवून आणलेले अन्न जमातखान्यात ठेवतात, दुआनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे जमातीच्या खात्यात जातात. परमुलखात एकट्याने राहणाऱ्या पोराला घरच्यासारखी खिचडी-कढी मिळण्याचे ते ठिकाण. भक्ती, हिशेब आणि भूक यांची अशी सांगड मला फार कमी प्रार्थनास्थळांत दिसते, आणि या संस्थेच्या चिवटपणाचे मर्म अशाच लहान गोष्टींत आहे असे मला वाटते.

पैशाने घडवले ते नंतर. लंडनमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासमोर १९८५ मध्ये इस्माइली सेंटर उघडले आणि उद्घाटनाला पंतप्रधान मार्गारेट थॅचर आल्या. त्याच वर्षी व्हँकुव्हरशेजारच्या बर्नबीत तसेच केंद्र झाले. मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर पोर्तुगालला गेलेल्या इस्माइलींसाठी लिस्बनमध्ये १९९८ साली दिल्लीच्या राज रेवाल यांनी केंद्र रचले. आणि टोरांटोचे २०१४ साली उघडलेले केंद्र चार्ल्स कोरिया यांचे: मूळचे गोव्याचे, कर्मभूमी मुंबई, नवी मुंबईच्या आखणीत आणि पणजीच्या कला अकादमीत ज्यांचा हात होता ते कोरिया. तिथल्या प्रार्थनागृहावर त्यांनी दुधी काचेचे उंच, निमुळते छत चढवले आणि त्यात मक्केच्या दिशेने स्वच्छ काचेची एक रेघ ठेवली. या इमारतींवरून एक जुना आक्षेप नव्याने घेतला जातो. दर्शनी भाग सर्वांना खुला, बाग खुली, प्रदर्शने खुली, पण दुआच्या वेळी प्रार्थनागृहाचे दार इमामाच्या मुरीदांखेरीज, म्हणजे अनुयायांखेरीज, इतरांना बंद. ही कसली माणुसकी, ही तर तटबंदीच! आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊ नये. दार बंद असते, हे खरेच. पण ज्या प्रार्थनेचा गाभाच इमामाला दिलेले वचन आहे तिथे, ते वचन न दिलेल्या माणसाची जागा कोणती? शतकानुशतके छळ सोसलेल्या पंथाला आपला आतला कोपरा राखण्याचा हक्क आहे असे मी मानतो. शिवाय त्या दाराच्या आत एक मोकळीक आहे. बायका आणि पुरुष एकाच दालनात बसतात, मुखियाणी मुखीच्या बरोबरीने कारभार पाहते, आणि जातीचा प्रश्न कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या किती उघड्या दारांआड हे घडते, याचा विचार व्हावा.

पण बंद दाराची दुसरी बाजू मला सोडता येत नाही. पूर्व आफ्रिकेत शंभर वर्षे जमातखाने उभे होते, त्यांच्याभोवती शाळा आणि दवाखाने होते, आणि तरीही संध्याकाळी त्या दालनात बसणाऱ्यांत आफ्रिकी चेहरे फारच थोडे होते. समाज परदेशात सापडला, पण त्या परदेशातल्या माणसांना तो किती सापडला, हा प्रश्न कम्पाला आणि दार-ए-सलामच्या इतिहासाने विचारला आहे आणि इस्माइलींनाही तो टाळता आला नाही. एकसारखेपणाची किंमतही मोजावी लागली. तिसऱ्या आगाखानांनी १९५२ मध्ये आफ्रिकेतल्या इस्माइलींना इंग्रजी आपलीशी करायला सांगितले, बायकांनी तिथल्या रिवाजाचा पाश्चात्त्य पोशाख करावा असेही सांगितले. पुढे कॅनडात पाय रोवताना ते फार कामी आले. पण खोजकी लिपी वाचणारे आता मोजकेच राहिले, कच्छी घराघरातून मागे सरली, गुजराती-सिंधी मिश्र जुन्या दुआच्या जागी १९५६ पासून अरबी दुआ आली, आणि ज्या ‘दस अवतारा’ने १८६६ मध्ये खोजांच्या श्रद्धेची साक्ष दिली ते गिनान आता जमातखान्यात म्हटले जात नाही. जमातखान्यात शिरताना ‘हय जिंदा’ म्हणायचे आणि आतून ‘कायम पाया’ असे उत्तर यायचे, ही जुनी रीतही मागे पडली. ज्या संस्थेने माणसे जपली तिनेच त्यांची भाषा आणि त्यांच्या पूर्वजांची कल्पनासृष्टी हळूहळू बाजूला ठेवली, याचे दुःख वाटायला इस्माइली असण्याची गरज नाही. मराठी मुलुखातल्या संतपरंपरांनी हिंदू-मुसलमान शब्द एका ओवीत बसवलेले ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे नुकसान चटकन कळेल.

तरी संस्था स्वतः संपली नाही, उलट ती जिथे कधीच नव्हती तिथे गेली. सीरिया, अफगाणिस्तान, बदख्शानच्या इस्माइलींकडे जमातखाना ही चीज मुळात नव्हती. पामीरच्या डोंगरात त्यांचे खलिफा घरोघर जाऊन धार्मिक विधी करत. हुंझा-गिलगिटकडे जमातखाने आले तेही विसाव्या शतकात. आज लंडन किंवा टोरांटोच्या दालनात कच्छी खोजाच्या शेजारी अफगाण आणि ताजिक बसतात. त्यांच्या ‘कसीद्यां’ना, म्हणजे भक्तिपर काव्यांना, आता गिनानांच्या बरोबरीने जागा मिळाली आहे, आणि हे न्याय्यच आहे, कारण १८६६ च्या तर्काने पाहिले तर त्यांचा हक्क तसूभरही कमी नाही. हा सगळा इतिहास मुंबईतून जातो. पहिल्या आगाखानांची कबर माझगावला हसनाबादमध्ये आहे, दुसरे आगाखान पुण्यात वारले, तिसऱ्यांचा हीरक महोत्सव १९४६ मध्ये ब्रेबोर्न स्टेडियमवर झाला, आणि येरवड्याचा आगाखान महाल तर महात्मा गांधी आणि कस्तुरबांच्या कैदेमुळे प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. मुंबईतल्या एका जातीचा घरगुती तंटा म्हणून आपण ज्याकडे पाहिले त्याने अनेक खंडांतल्या माणसांचे संध्याकाळचे ठिकाण ठरवले. मराठीत मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आता त्या खटल्याकडे वळावे. ताजिकिस्तानातल्या खोरोग शहरात, पामीरच्या डोंगरांत, २०१८ च्या डिसेंबरात नवा जमातखाना उघडला. तिथल्या लोकांना सिंधी येत नाही, कच्छी येत नाही, गुजरातीही येत नाही. पुढे बसणाऱ्या माणसाला तिथेही मुखीच म्हणतात.